त्या पायांशी जागा माझी होती

मी हीटर. गाडीतला. डॅशबोर्डच्या मागे, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात आठ वर्षं बसून होतो, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी जळण्यात घालवली. जळण्यात म्हणजे तापण्यात नव्हे. हेवा करण्यात.

आधी माझी ओळख नीट करून देतो, कारण आमच्याकडच्या लोकांना मी कसा दिसतो हेसुद्धा ठाऊक नसतं. बॉनेटखालचा रेडिएटर तुम्ही पाहिला असेल. मी त्याचाच धाकटा भाऊ म्हणा. वहीएवढा आकार, ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या, नळ्यांमध्ये पातळ पत्र्याच्या जाळ्या. इंजिनातून गरम पाणी एका पाइपने माझ्यात येतं, नळ्यांतून फिरतं आणि दुसऱ्या पाइपने परत जातं. मागून ब्लोअरचा पंखा माझ्या अंगावर वारा सोडतो. तो वारा माझ्या जाळ्यांतून जाताना गरम होतो आणि माणसांपर्यंत पोचतो. झालं माझं काम. त्यासाठी जास्तीचं काही जाळावं लागत नाही. इंजिनाची जी आच नाहीतर वाऱ्यावर जाते, तीच मी आत आणतो.

चाकणजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जन्मल्या जन्मल्या मला पाण्यात बुडवून माझ्यात हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा एका बाईने माझ्यावर हिरवा टिळा लावला. माझ्यासोबत त्या दिवशी चाळीस जण पास झाले. खोकी भरणारे कामगार गप्पा मारायचे, अमुक गाड्या शिमल्याला जाणार, तमुक लेहला. मला वाटलं, आपणही असेच कुठेतरी बर्फात जाऊ, लोक आपल्यापुढे हात धरून बसतील.

मी आलो झाईला.

झाई म्हणजे पालघर जिल्ह्याचं अगदी वरचं टोक. एका बाजूला समुद्र, पलीकडे गुजरात, मध्ये चिकूच्या वाड्या. हरिश्चंद्रकाकांनी ही सात सीटची पांढरी गाडी घेतली तेव्हा शोरूममधला पोरगा उत्साहाने सांगत होता, "काका, एसी एकदम जबरदस्त. आणि हीटरपण आहे."

काका हसले. "हीटर? झाईत? त्याच्यावर काय पापड भाजायचे?"

शोरूममधले सगळे हसले. माझी सुरुवात अशी झाली.

माझ्या डब्यातच, माझ्या पुढ्यात, एसीची कूलिंग कॉईल बसलेली. आमच्या दोघांच्या मध्ये एक छोटी झडप. बटण निळ्याकडे फिरवलं की झडप माझा रस्ता बंद करते आणि वारा नुसता तिच्या अंगावरून जातो. लालकडे फिरवलं की वारा माझ्यातून जातो. पावसाळ्यात काच पुसण्यापुरतं सोडलं तर चार वर्षं ते बटण निळ्यावरून हललं नाही.

ती चार वर्षं मी काय काय ऐकलं! गाडीचं दार उघडलं की पहिलं वाक्य, "एसी लाव." काकांची सून रिया तर सीटवर बसायच्या आधीच जाळीपुढे तोंड नेऊन म्हणायची, "हाऽऽ, जिवात जीव आला." दर मार्चमध्ये कॉईलचा गॅस तपासायचा. तिच्यासाठी फिल्टर झटकायचा. फेसाच्या औषधाने तिला आंघोळ. मला कोणी विचारलं नाही. पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकटली की ड्रायव्हर आम्हा दोघांना मिळून लावायचा. ती वाऱ्यातला दमटपणा काढायची, मी वारा गरम करायचो आणि काच स्वच्छ व्हायची. पण मागच्या सीटवरून आवाज यायचा, "बघ, एसी लावला की कशी काच साफ होते."

मी काच साफ करत राहायचो. आतून मात्र कुढायचो.

मग बकुळाकाकी आल्या. म्हणजे त्या होत्याच, हरिश्चंद्रकाकांच्या पत्नी, पण मागच्या सीटच्या कोपऱ्यात, शाल गुंडाळून, काही न बोलणाऱ्या. पन्नास वर्षं वाडीत उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. एसीचा वारा त्यांना सोसायचा नाही. पण चार जणांना हवा असलेला वारा आपल्या एकटीसाठी बंद करा, असं म्हणणाऱ्या बायकांतल्या त्या नव्हत्या.

एका डिसेंबरात त्या पहिल्यांदा एकट्या निघाल्या, सोबत फक्त ड्रायव्हर तुषार. जायचं होतं उधव्याला. तिथे बायजी राहायची. बायजीने काकांच्या वाडीत चाळीस वर्षं काम केलं होतं. वाडीतली निम्मी चिकूची कलमं तिने आणि बकुळाकाकींनी मिळून लावली होती. आता तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती घरी पडून होती. तुषार तिच्याच पाड्यातला. त्यानेच ही बातमी काकींना सांगितली होती.

सकाळची वेळ. तलासरीचा नाका ओलांडला की समुद्राची ऊब मागे राहते आणि गारठा लागतो. काकी दोन्ही हातांनी गुडघे चोळत होत्या. तुषारने आरशात पाहिलं. तो आधी नाशिकच्या एका टूरवाल्याकडे होता, मनालीपर्यंत गाडी नेलेला माणूस.

"काकी, हीटर लावू का पायाशी?"

"आपल्या गाडीत आहे?"

"असतो ना. पुढे येऊन बसा. इंजिन तापलंय आता, लगेच गरम येईल."

त्याने बटण फिरवलं. चार वर्षांत पहिल्यांदाच पूर्ण उघडताना झडप कुरकुरली. खरं सांगतो, मी घाबरलो. येईल का आपल्याला? आधी धुळीचा जळका वास सुटला. काकी म्हणाल्या, "काही पेटलं का रे?" तुषार हसला, "नाही काकी, धूळ बसलीय. जाईल दोन मिनिटांत."

गेली. आणि मग माझा वारा त्यांच्या पायांवर पोचला.

त्यांनी पाय वाऱ्यात धरले. चपला काढल्या. साडीचा काठ जरासा वर घेतला. थोड्या वेळाने मान मागे टेकली आणि डोळे मिटले. उधव्याला पोचल्यावर तुषार हात द्यायला आला, तर त्या म्हणाल्या, "थांब, उतरते मी." आणि उतरल्या.

त्या दिवशी मला शिमला-लेहची आठवण आली नाही.

त्यानंतर दर बुधवारी आम्ही उधव्याला जाऊ लागलो. थंडीत तर जायचोच, पावसाळ्यातही, ओल्या पायांना बरं वाटायचं. बायजी काठी धरून चालू लागली तशी तुषार तिला हाताला धरून गाडीपर्यंत आणायचा आणि पुढच्या सीटवर बसवायचा. काकी ड्रायव्हरच्या जागी सरकायच्या. इंजिन चालू, काच चार बोटं उघडी, गाडी आंब्याच्या झाडाखाली. तुषार बाहेर चहा पीत उभा. आणि माझ्यासमोर चार पाय.

"हा वारा कुठनं येतो गं?" बायजीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"इंजिन तापतं ना, त्याचा. तुषार म्हणतो, नाहीतर वायाच जातो."

"म्हणजे आपल्यासाठी मुद्दाम कोणी तापवला नाय?"

"नाही गं."

"मग बरं हाय," बायजी म्हणाली आणि तिने पाय आणखी पुढे केले.

त्या दोघी काय बोलायच्या? कुठलं कलम कोणत्या वर्षी लावलं. कोणाच्या मुलाचं काय झालं. एकदा बायजी म्हणाली, "तुझ्या सासूनं मला माझ्या लग्नात लुगडं दिलं, तुला म्हाईत नसंल." काकी म्हणाल्या, "माहीत आहे. ते मी नेसायला काढलं होतं. मला न विचारता दिलं." बायजी इतकी हसली की तिला ठसका लागला. पन्नास वर्षं काकींनी ते मनात ठेवलं होतं. ऐकून मला बरं वाटलं. हेवा करणारा मी एकटाच नव्हतो तर.

पण काकींनी घरी हे कुणाला सांगितलं नाही. परतताना झाईच्या अलीकडे त्या स्वतः बटण निळ्यावर फिरवायच्या. तुषारने एकदा विचारलं, "सांगा की काकी, काकांना. त्यात काय?"

"हसतील," त्या म्हणाल्या.

मला ते लागलं. कॉईलचा वारा सगळ्यांसमोर, माझा चोरून. एसीला कोणी हसत नाही. मनात एक वाईट विचार यायला लागला, हिचा एकदा गॅस सुटावा. ऐन मेमध्ये. मग कळेल सगळ्यांना.

दरम्यान माझी तब्येत बिघडत होती आणि त्याचं कारण होतं पाणी. माझ्यातून साधं पाणी फिरवायचं नसतं. त्यात कूलंट घालायचं असतं, म्हणजे गंज धरत नाही, नळ्या स्वच्छ राहतात, आणि ते दोन-तीन वर्षांनी बदलायचंही असतं. उन्हाळ्यात पातळी कमी झालेली दिसली की काका माळ्याला सांगायचे, "अरे, बोअरचं पाणी ओत त्यात."

"काका, कूलंट आणतो ना मी डहाणूहून," तुषार म्हणायचा. "बोअरचं पाणी खारट आहे."

"चिकूला चालतं, गाडीला काय होतंय?"

चिकूला चालत असेल. माझ्या नळ्यांत पांढरा क्षार साचू लागला. माझी एक बाजू गरम व्हायची, दुसरी कोमट. काकींनी ते ओळखलं होतं. त्या उजवा पाय डावीकडे सरकवून ठेवायच्या. मी गुपचूप शरमायचो.

आणि मे महिना आला. डहाणूला नात्यातलं लग्न. काका पुढे, मागे काकी आणि रिया. रियाने जरीची साडी नेसलेली, केसांत भरगच्च गजरा. बाहेर रस्ता भाजत होता. तुषारने एसी लावला, आणि त्याच क्षणी झडपेची छोटी मोटर कटकट वाजली. तिचा एक दात तुटला. झडप माझ्या बाजूला पूर्ण उघडून तशीच अडकली.

कॉईल बिचारी जीव तोडून वारा गार करत होती आणि तो सगळा गार वारा माझ्यातून जाऊन कढत होऊन बाहेर पडत होता. गाडीची भट्टी झाली. तुषारने बटण दहा वेळा फिरवलं, काही उपयोग नाही. काचा उघडल्या तर बाहेरची झळ. रियाचं काजळ गालावर आलं. काका टोपीने वारा घेत ओरडत होते, "हे काय चालवलंय? हीटर बंद कर! हीटर बंद कर!"

इतक्या वर्षांत गाडीतल्या सगळ्यांनी माझं नाव घेतलं ते असं. मी कॉईलचं वाईट चिंतलं होतं. तिचं काही बिघडलं नाही. दोष झडपेचा होता. पण शिव्या मी खाल्ल्या. एकट्या काकी म्हणाल्या, "यंत्र आहे, बिघडायचंच." ते कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकींना घरी ठेवून काका गाडी घेऊन डहाणूला ऋषभच्या गॅरेजमध्ये गेले. ऋषभ गुजराती, पण गिऱ्हाईक पाहून मराठी बोलणारा, कामाला चोख. त्याने कान लावून ऐकलं. "झडपची मोटर गेलीय काका. मागवायला लागेल. आठेक दिवस लागतील ने."

"आठ दिवस या भट्टीत फिरू? हीटरच तोडून टाक. कोणाला पाहिजे तो?"

ऋषभने मान हलवली. "तोडायला नको. बायपास करतो. पण काका, मोटर तर घालायला लागेल ना, पुढे कधीतरी..."

"कोणाला पाहिजे तो, म्हटलं ना!"

बॉनेट उघडलं. माझ्याकडे येणारे दोन्ही पाइप त्याने काढले, एका वाकड्या नळीने एकमेकांना जोडले आणि क्लॅम्प आवळले. गरम पाणी आता माझ्यापर्यंत न येता बाहेरूनच माघारी जाऊ लागलं. दहा मिनिटांचं काम. तुषार तिथेच उभा होता. तो तोंड उघडणार होता, हे मला दिसलं. पण काकींनी कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि तो शब्द पाळणारा माणूस.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले, मलाच ठाऊक. झडप अजून माझ्याच बाजूला उघडी होती. म्हणजे कॉईलचा गार वारा आता माझ्या अंगातून जायचा. तिची थंडी माझ्या जाळ्याजाळ्यांतून, तासन्‌तास, आणि पलीकडून लोकांचं, "हाऽऽ, काय मस्त." आत उरलेलं खारट पाणी हळूहळू सुकलं आणि जिथे सुकलं तिथे मला खात गेलं.

डिसेंबर आला. पावसाळाभर आणि नंतरही काकींच्या गुडघ्यांवर उपचार चालू होते, त्यामुळे उधव्याला जाणं राहिलंच होतं. त्या दिवशी त्या हौसेने पुढे बसल्या, चपला काढल्या आणि स्वतः बटण लालपर्यंत फिरवलं.

गार वारा आला.

"इंजिन तापलं नाही वाटतं अजून," त्या म्हणाल्या. तलासरी आलं. वारा गारच. "तुषार?"

तुषारने गाडी बाजूला घेतली. "काकी, ते बायपास केलंय. मेमध्ये. काकांनी सांगितलं म्हणून."

"मला विचारलं कोणी?"

काकींनी ब्लोअर बंद केला, चपला घातल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या दिवशी उधव्याला त्यांना उतरता आलं नाही. बायजी काठी टेकत गाडीत येऊन बसली, पण दहा मिनिटांतच थरथरायला लागली. "जाते," म्हणाली. "चुलीशी बसते. तू बी घरला जा."

रियाला काकींचे पाय गार पडतात एवढं कळलं होतं. पुढच्या बुधवारी निघताना तिने आपणहून रबराची गरम पाण्याची पिशवी आणून दिली. चांगली मुलगी होती ती. पण ती लाल, फुगीर, गुबगुबीत पिशवी काकींच्या गुडघ्यावर माझ्या डोळ्यांदेखत जाऊन बसली, तेव्हा मला किती हेवा वाटला म्हणून सांगू! तलासरीच्या आधीच ती गार पडली. मला आनंद झाला. मग काकींनी ती बाजूला ठेवताना केलेला चेहरा पाहिला आणि तो आनंद राहिला नाही.

त्यानंतरचे तीन बुधवार गाडी निघालीच नाही. चौथ्या बुधवारी तुषार गाडी पुसत होता. काकी ओट्यावर आल्या.

"बायजी काय म्हणते?"

तुषार फडका पिळत राहिला. "काही नाही, काकी."

"काय म्हणाली ते सांग."

"म्हणाली, मोठं घर आहे, कामं असतात. मी काय वाट बघत नाय, असं सांग बकुळाबायला." तो घुटमळला. "पण काकी, बुधवारी सकाळपासून ती आंब्याखाली बसलेली असते. मी बघतो ना."

काकी आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज मी गाडीपर्यंत ऐकला.

त्याच आठवड्यात काका त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे डहाणूला घेऊन गेले. परत येताना, दुपार व्हायच्या आधी, बोर्डीच्या रस्त्यावर काका म्हणाले, "त्या बायजीला भेटायचं असेल तर तिलाच आणू की झाईला. तुषार घेऊन येईल."

"ती मोडक्या खुब्याने इतकं येणार, आणि मी गुडघ्याने जायची नाही?"

"मग जा ना. गाडी काय मी बांधून ठेवलीय?"

"गाडी आहे," काकी म्हणाल्या. "माझा हीटर तुम्ही काढलात."

काका वळून मागे बघायला लागले. त्यांना कळेचना. मग काकींनी सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. पहिला डिसेंबर, पायांना वाटलेलं बरं, आंब्याखालची गाडी, बायजीचे पाय, परतताना फिरवलेलं बटण. तुषार नजर रस्त्यावरून हलवत नव्हता.

"मला सांगायचं नाही का?" काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर हसला असतात."

सुरूची झाडं सुरू झाली. मला वाटलं, आता काका नाही म्हणतील, विषय बदलतील.

"हसलो असतो," काका म्हणाले. "खरंच हसलो असतो." मग तुषारला म्हणाले, "फिरव गाडी. ऋषभकडे घे."

काकी गॅरेजात गाडीतून उतरल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, साडीचा पदर कमरेला, दोन्ही गुडघे सुजलेले, ऑइलच्या डागांतून पाय जपत ऋषभपुढे उभ्या राहिल्या. "आमचा हीटर परत जोडून दे. झडपेचं काय असेल तेही कर. आणि काय काय बघावं लागतं ते मला सांग. यापुढे मी बघणार."

ऋषभ आधी काकांकडे बघायला लागला. काका म्हणाले, "त्यांना सांग. त्यांचा आहे."

माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर वाक्य ते. त्यांचा आहे.

ऋषभने पाइप जोडले, सिस्टिम धुऊन काढली, नवं हिरवं कूलंट भरलं. इंजिन चालू ठेवून आत अडकलेली हवा बाहेर काढली, नाहीतर हीटर गरम होतच नाही. गरम पाणी कित्येक महिन्यांनी माझ्यात शिरलं. मी जीव एकवटला. सगळ्या नळ्यांनी. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग ज्या जागी खाऱ्या पाण्याने मला खाल्लं होतं, तिथून थेंब सुटला. मग धार. गाडीत कूलंटचा गोडसर वास पसरला, काकींच्या पायाखालचं कार्पेट ओलं झालं.

ऋषभने वाकून बोट लावलं, वास घेतला. "हीटरचा कोअर गेला, काकी. कोरडा राहिला ना इतके महिने. आता नवाच टाकायला लागेल. आख्खा डॅशबोर्ड खोलायचं काम आहे."

"एवढ्याशा वस्तूसाठी आख्खा डॅशबोर्ड?" काका सवयीने बोलून गेले, आणि स्वतःच म्हणाले, "बरं, खोल."

पाच दिवसांनी झडपेची मोटर आली, आणि नवा हीटर. चकचकीत, अंगावर हिरवा टिळा, मी होतो तसाच. डॅशबोर्ड उघडला गेला आणि मी आठ वर्षांनी उजेडात आलो. काकी आग्रहाने बघायला आल्या होत्या. ऋषभने मला त्यांच्या हातात दिलं.

"हाच का? एवढासाच?" त्यांनी मला उलटंसुलटं केलं. पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली. "बिचारा." आणि मला बाकड्यावर ठेवून त्या नव्याकडे वळल्या. "नीट बसव हं याला."

मला वाटलं होतं, त्या थोडा वेळ तरी मला हातात ठेवतील.

पंधरा दिवस मी गॅरेजच्या मागच्या फळीवर आहे. माझ्या एका बाजूला तुटका आरसा, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी ट्रकचा पंप. काल तुषार गाडी घेऊन आला होता, क्लॅम्प तपासायला. ऋषभने विचारलं, "कसा चालतो हीटर?"

"एक नंबर. बुधवारी दोघी दीड तास बसल्या गाडीत. मी बाहेर दोन चहा प्यायलो."

"आजी काय म्हणाली?"

"बायजी? पाय ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाली, हां, तोच हाय हा."

तोच! तिला कळलंसुद्धा नाही. काकींनीही सांगितलं नाही. आठ वर्षं तो डबा, तो गार वारा, ती शिवीगाळ सोसली ती मी, आणि तो कालचा पोरगा माझ्या जागी बसून माझ्या नावाने पाय शेकतोय. मोठ्या मनाचा कोणी असता तर म्हणाला असता, पाय गरम झाले ना, मग झालं. मी तेवढ्या मोठ्या मनाचा नाही. मला हेवा वाटतो. कॉईलचा वाटायचा त्याहून जास्त वाटतो.

उद्या भंगाराचा टेम्पो येणार, असं ऋषभ म्हणत होता. मग कुठेतरी वितळेन. त्याआधी तुम्हाला एक मागणं. तुमच्या गाडीतही माझा एखादा भाऊ अंधारात बसलेला असेल. महिन्यातून एकदा बटण लालपर्यंत फिरवा, पाणी फिरू द्या. मिळेल ते पाणी ओतू नका. ओलं कार्पेट, गोडसर वास आला तर थांबून बघा. आणि काढून टाकायचा विचार आला, तर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारा. जी कधीच काही मागत नाही, तिलाही.

आणि त्या झाईच्या पांढऱ्या गाडीतल्या नव्याला कोणी भेटलात तर एवढं सांगा. बायजीचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त गार असतो, त्याला तापायला वेळ लागतो. ती लवकरच "पुरे" म्हणते, कारण तिला कुणाचं जास्त घ्यायची सवय नाही. तिने पुरे म्हटलं तरी आणखी थोडा वेळ चालू राहा.